फेस्टीची पाणंद

मुरिनने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर मी लोण्याची बशी ठेवली, दुसऱ्यावर किटली, आणि चष्मा लावला. पहिला विचार मनात आला तो असा, की एवढ्याशा कागदावर मावणाऱ्या मुलखात मी चौतीस वर्षं पाय दुखवले तरी कसे? या भागात मी टपाल वाटायचे. पहिली एकोणीस वर्षं सायकलवर, मग त्यांनी गाडी दिली. गाडीतल्या वर्षांचं मला फारसं काही आठवत नाही. सायकलवरच्या वर्षांतला मात्र एकेक दगड आठवतो.

मुरिन माझ्या धाकट्या भावाची मुलगी. अकरा वर्षं गॉलवेला काढून मागच्या वर्षी गावी परत आली. जुन्या दूध-डेअरीची बंद इमारत तिने झाडूनपुसून घेतली आणि सायकलींचं दुकान थाटलं. एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला चहा. गावाने तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागे "नाताळपर्यंत टिकेल," असं म्हटलं. नाताळ गेला, पोरगी टिकली होती. पण हिवाळाभर तिचा चेहरा उतरत चाललेला मी पाहत होते. माझ्याच गल्लीत माझंच माणूस राहायला आलं होतं, आणि ते पुन्हा जाईल या भीतीने मी तिच्या दुकानाचा दिवा रोज खिडकीतून बघत असे.

"यांना ग्रॅव्हल बाईक म्हणतात, आत्या," ती सांगत होती. "टायर जाड. डांबराचा रस्ता होईल तेवढा टाळायचा. खडी, माती, जंगलातल्या वाटा, टर्फ काढायला जातात ते रस्ते."

"म्हणजे मी जे करत होते ते."

"हो, पण हे लोक मजा म्हणून करतात."

"मग मी काय रडत जात होते?"

ती हसली आणि माझ्या हातात लाल पेन्सिल दिली. "तर मग काढ. तुला माहीत आहेत तशा वाटा अजून कुणाला माहीत आहेत?"

मी काढत गेले. डेअरीपासून जुन्या रेल्वेच्या बांधावर. तिथून सरकारी जंगलात. माझ्या वेळी तिथे झाडं माझ्या कमरेइतकी होती. गॉहनच्या घरामागून चर्चला जायची पायवाट, जिथे त्यांचा हंस माझ्या पोटऱ्यांना चावायचा. मग टर्फचा, म्हणजे चुलीसाठी दलदलीतून कापून काढतात त्या जळाऊ मातीचा, लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना काळे खड्डे आणि सावरीच्या कापसासारखं पांढरं गवत, समोर नेफिनचा डोंगर. बासष्ट किलोमीटर झाले. सगळं छान जुळलं, फक्त एका ठिकाणी लाल रेघ तुटली. तिथे म्हाताऱ्या फेस्टी लॅव्हेलची पाणंद होती. जेमतेम सातशे मीटर. ती त्याच्या फाटकातून आत शिरते, अंगणावरून जाते, खालच्या कुरणातून पलीकडे टर्फच्या रस्त्याला लागते. ती मिळाली नाही तर मोठ्या रस्त्याने नऊ किलोमीटरचा वळसा, आणि त्या रस्त्यावरून लाकडाचे ट्रक धावतात.

"त्या रस्त्याने लोकांना नेणार नाही मी," मुरिन म्हणाली. "एकालाही नाही. पाणंद नाही तर काहीच नाही."

जूनच्या दुसऱ्या रविवारी तिने पहिली फेरी ठरवली. साठ जणांनी नावं दिली. परवानग्या आणायचं काम लॉर्कनकडे होतं. लॉर्कन तिचा डब्लिनचा मित्र, गुणी मुलगा, पण घड्याळावर जगणारा. तो फेस्टीकडे गेला आणि अर्ध्या तासाच्या आत परत माझ्या दारात उभा राहिला.

"झालं काम! हो म्हणाले."

"नक्की काय म्हणाला?"

"म्हणाले, 'काही हरकत नाही, छे छे, मुळीच काही हरकत नाही, हरकत कसली!'"

मी विचारलं, "चहा घेतलास?"

"विचारलं त्यांनी. मी नको म्हटलं, पुढे दोन ठिकाणी जायचं होतं."

"किती वेळा विचारलं?"

"एकदा. म्हणजे... मी गाडी चालू केली तेव्हा ते काचेपाशी येऊन परत काहीतरी म्हणत होते."

"बस, लॉर्कन," मी म्हटलं. "तुला त्याने नाही म्हटलंय."

त्याला ते पटेना. त्याच्या गावात हो म्हणजे हो असतं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. खरा होकार कुरकुरत येतो: "बघू," "पाऊस काय म्हणतो त्यावर आहे," "तेवढी ती गुरं हलवावी लागतील." कुणी इतक्या उत्साहाने हरकत नाही म्हणाला, की समजावं फाटक बंद झालं. लॉर्कनने माझं बोलणं म्हातारीचं बोलणं म्हणून ऐकून घेतलं आणि नकाशे छापायला टाकले.

फेरीच्या आधीच्या शुक्रवारी मुरिन वाट तपासून आली ती पांढरीफटक होऊन. फेस्टीच्या फाटकाला साखळी होती. साखळीला नवं कोरं कुलूप. आणि खालच्या कुरणात त्याचा वळू सोडलेला होता.

"रद्द करते," ती म्हणाली. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "गॉलवेच्या दुकानातले लोक अजून फोन करतात मला. जागा आहे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, जेवण झाल्याबरोबर मी तिला म्हटलं, "मला फेस्टीच्या फाटकापर्यंत सोड. आणि तू वर येऊ नकोस."

काठी टेकत मी फाटकाच्या बाजूच्या फटीतून आत गेले आणि मागल्या दाराशी आले. पुढचं दार फक्त पाद्रीबाबा आणि शवपेटी यांच्यासाठी असतं. फेस्टी चुलीपाशी बसला होता. एक्क्याऐंशीचा झालाय, माझ्याहून एक वर्षाने लहान. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा.

"आलं का सरकारी टपाल?" तो उठला. "मला वाटलं मेलीस की काय. पण रेडिओवर मयतांच्या यादीत तुझं नाव ऐकलं नाही."

"नऊच्या बातम्यांत तुझंच नाव ऐकायला मी रोज चहा गार करते."

"बस. चहा टाकतो."

"नको रे, आत्ताच घेऊन आले."

"थेंबभर."

"नको, तू बस."

"अर्धा कप तरी."

"बरं, टाकलाच असशील तर."

मग आम्ही बोललो. पावसावर बोललो. माझ्या खुब्याच्या सांध्यावर आणि त्याच्या गुडघ्यांवर बोललो. बेल्मलेटला कोण गेलं, त्याच्या मयताला किती माणसं होती, आमच्या मेयो परगण्याच्या फुटबॉल संघाचे फॉरवर्ड म्हणजे दरवाजा समोर असताना भिंतीवर जाऊन आपटणारी मंडळी, यावर बोललो. तो कडक चहा, तो जाड पाव, त्यावर बोटभर लोणी. त्याची आई सबीना होती तेव्हा मी रोज अकरा वाजता या खुर्चीत बसून हेच खात असे. बॉस्टनहून तिच्या थोरल्याचं पत्र आलं असेल तर वाचूनही दाखवत असे. तास गेला. ज्या कामाला आले होते त्याचा एक शब्द मी काढला नाही. मी उठले, कोट चढवला, दाराच्या कडीवर हात ठेवला, आणि मगच म्हटलं, "पोरीच्या जिवाला घोर लागलाय, फेस्टी."

"हं." त्याने चुलीत टर्फचा एक तुकडा टाकला. "किती आहेत म्हणे ते?"

"साठ."

"साठ!" तो माझ्याकडे वळला. "डिलिया, या घरात कप किती आहेत, ठाऊक आहे? चार. त्यातल्या एकाला कान नाही."

मी अपघात आणि विमा या विषयांवर तयारी करून आले होते. मुरिनने दिलेला कागदही खिशात होता. वाटलं, एवढंच होतं होय! आणि मी हसून म्हटलं, "अरे वेड्या, ते कुठले थांबायला! त्यांच्याकडे स्वतःच्या बाटल्या असतात. सुर्रकन निघून जातील, तुला कळायचंसुद्धा नाही."

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं, मी काय बोलून बसले ते. फेस्टीने पाठ फिरवली आणि चुलीवरची किटली उगाच इकडची तिकडे केली.

"म्हणजे दारावरून नुसते जाणार," तो म्हणाला.

माझा हात अजून कडीवरच होता.

"माझ्या आईच्या दारावरून आजवर कुणी नुसतं गेलं नाही. गुरांचा डॉक्टर नाही, भटकी माणसं नाहीत, बिशपचा ड्रायव्हर नाही. तू नाहीस." मग तो खाली बसला. "गेल्या नोव्हेंबरपासून मार्चातल्या सेंट पॅट्रिकच्या दिवसापर्यंत या पाणंदीत किती माणसं आली सांगू? नऊ. त्यातला एक वाट चुकलेला. कुणी येत नाही याची सवय होते गं. पण साठ माणसं खिडकीसमोरून जाताना बघायची, आणि एकाचीही मान वळायची नाही, याची सवय कशी करायची? त्यापेक्षा कुलूप बरं."

त्या नऊ जणांत मी नव्हते. मी तीन वर्षांत तिथे गेले नव्हते. सांधा दुखतो, खरं आहे. पण मुरिनच्या दुकानात मी त्याच सांध्यावर रोज जात होते.

मी कडीवरचा हात काढला, कोट काढला आणि परत खुर्चीत बसले. "थांबतील," मी म्हटलं.

"तू म्हणालीस म्हणून?"

"मी या परगण्यातले सगळे कुत्रे थांबवलेत, फेस्टी. चड्डीतल्या सायकलवाल्यांचं काय घेऊन बसलास! आणि कप मी आणते."

फादर कुणाच्या घरी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, करायला येतात तेव्हा आमच्याकडे करतात तसंच करायचं मी ठरवलं. वाडीतल्या प्रत्येक घरातून कप मागून आणायचे. कोणाचे कुठले ते कळावं म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली असते. माझ्या कपांच्या बुडाला नखाच्या लाल रंगाचा ठिपका, गॉहनबाईंच्या कपांच्या कानाला निळा दोरा. मुरिनची गाडी घेऊन आम्ही दोघी घरोघर फिरलो. मी गाडीतच बसले, ती दारं वाजवत गेली. "फेस्टी लॅव्हेलकडे कप हवेत, सगळे द्या," एवढंच ती सांगे आणि घाईत पुढच्या दारी जाई. तिचं चुकलं नाही. माझं चुकलं. ती अकरा वर्षं शहरात होती. एकट्या म्हाताऱ्याच्या घरी एकदम साठ कप कशाला लागतात, हे तिला कळणार नव्हतं, पण मला कळायला हवं होतं.

पाच वाजता आम्ही फेस्टीच्या स्वयंपाकघरात कप मांडत होतो तेव्हा पुढचं दार वाजलं. पुढचं! फेस्टी ते उघडायला गेला. सबीना गेली तेव्हापासून ते उघडलं नव्हतं, त्यामुळे खांदा लावावा लागला. बाहेर गॉहनबाई काळा कोट घालून, हातात सँडविचचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खाली मान घालून हात पुढे केला. "तुमच्या दुःखात आम्ही—" आणि वर बघितलं.

"कुणाच्या दुःखात?" फेस्टीने विचारलं.

"अगं बाई गं!" गॉहनबाई ओरडल्या. "हा तर उभा आहे!"

त्यांच्यामागून पाणंदीत आणखी दोन गाड्या शिरत होत्या. एकीत रुबार्बचा केक, दुसरीत भाजलेला हॅम आणि मयताच्या मिस्सेचं कार्ड, फेस्टीचं नाव घातलेलं. मग आणखी एक. शेजारचा टॉमी रुएन तर थेट टर्फ कापायच्या कपड्यांवर आला होता आणि अंगणात टोपी काढून उभा होता.

"काय रे टॉमी," फेस्टी म्हणाला, "मेलो तर तू अंघोळ पण नाही करणार का?"

"घाईत कळलं रे. एवढे कप मयताशिवाय कशाला लागतात?" टॉमी म्हणाला. "आणि खरं सांगू? मला वाटलं कोपऱ्यातल्या त्या कुरणाचं काय होणार ते आधी येऊन विचारावं."

हसून हसून गॉहनबाईंना बाकावर बसवावं लागलं. सांगितल्यावरही कुणी घरी गेलं नाही. आलोच आहोत तर बसू म्हणाले. हॅम कापला. आपल्याबद्दल कोण काय चांगलं बोलणार होतं ते फेस्टीने एकेकाला विचारून घेतलं, आणि ज्यांना काही सुचलं नाही त्यांना दुसरा कप चहा दिला नाही. सूर्य अजून बराच वर होता. निघताना टॉमीने न सांगता वळू वरच्या वाड्यात नेऊन बांधला. साखळी फेस्टीने स्वतः काढली आणि गोठ्यात टाकली.

रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर मी फाटकाशी खुर्ची टाकून बसले. मुरिनला मी एकच गोष्ट बजावली होती: फाटक लावलेलं राहील. कुलूप नाही, फक्त कडी. येणाऱ्याने उतरायचं, उघडायचं, आत यायचं, परत लावायचं. उतरलेला माणूस अर्धा थांबलेलाच असतो.

अंगणात दोन टेबलं, त्यावर साठांहून जास्त कप, आणि कालचं उरलेलं सगळं खाणं. गॉहनबाई किटल्यांवर. फक्त फेस्टीचा पत्ता नव्हता. बघितलं तर गोठ्याच्या दाराआड उभा, स्वच्छ शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले.

"बाहेर ये ना."

"येतो. माझं काम चाललंय."

त्याच्या हातात काहीही नव्हतं.

बाराच्या सुमारास पहिले चौघे आले. डोक्यावर टोपरी, डोळ्यांवर काळे चष्मे, चिखल पार कानापर्यंत. पुढच्याने एक पाय टेकून कडी काढली आणि मी म्हटलं, "चहा तयार आहे."

"थँक्यू, पण आम्ही घड्याळ लावलंय," तो मनगट दाखवत म्हणाला.

"थेंबभर."

"खरंच नको."

मी तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात ते निघाले. अंगणावरून चौघेही सरळ, मान खाली. टेबलापाशी गॉहनबाई किटली उचलून तशाच उभ्या. मी गोठ्याकडे बघितलं नाही. मला बघवेना.

चौघांतला शेवटचा गॉलवेचा होता. अंगात आमच्या जुन्या वैऱ्यांची, गॉलवेच्या फुटबॉल संघाची लाल जर्सी. कुरणाजवळ तो पुढच्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "गवत बघ! मेयोमध्ये एवढंच काय ते वर येतं!"

गोठ्याचं दार धाडकन उघडलं.

"ए लाल्या!"

गॉलवेवाल्याने ब्रेक दाबले.

"काय म्हणालास?" फेस्टी अंगणाच्या मधोमध येऊन उभा होता. "परत म्हण. इथे येऊन म्हण. तुमच्या फुलबॅकला गवत आणि बॉल यातला फरक कळतो का ते आधी सांग!"

"मागच्या वर्षी कळला होता, आजोबा," तो हसत म्हणाला. "किती गोलांनी ते सांगू का?"

"बस इथे. ही खुर्ची. दूध किती? आता सांग, आणि तो रेफरी तुझा कोण लागत होता तेही सांग."

तो बसला. मग त्याचे तिघे परत फिरले, कारण एकट्याला सोडून कसं जाणार? आणि त्यांच्यामागून आलेल्यांना बसलेली माणसं दिसली, खाणं दिसलं, म्हणून तेही उतरले. त्यानंतर मला कुणालाही दोनदा विचारावं लागलं नाही. कॉर्कची एक डॉक्टरीण टॉमीच्या गुडघ्याकडे बघत होती. दोन जर्मन मुलींना गॉहनबाई पावात सोडा किती घालायचा ते हातवारे करून सांगत होत्या. तीन वाजता लॉर्कन सायकलवरून शेवटून येताना दिसला, हातात घड्याळ, चेहऱ्यावर घाम. "मुरिन! यांनी एव्हाना डेअरीवर असायला हवं होतं!"

"मग जा, सांग त्यांना," मुरिन म्हणाली. तिच्या हातात सँडविच होतं आणि कित्येक महिन्यांनी ती सावकाश चावत होती.

शेवटची सायकल पाच वाजून गेल्यावर पाणंदीतून पलीकडे गेली. मुरिन त्यांच्यामागे गेली, मला न्यायला परत येते म्हणाली. बायकांनी आपापले कप ओळखून नेले. मी आणि फेस्टी कुरणाच्या टोकापर्यंत चालत गेलो, जिथे पाणंद टर्फच्या रस्त्याला मिळते. वळणावर एवढ्या चाकांनी माती खरवडून निघाली होती आणि मधे चिखलाचा खड्डा झाला होता.

फेस्टी त्यात बूट घालून खोली बघत होता. "पुढच्या वेळेच्या आत इथे दोन गाडे खडी टाकायला हवी," तो म्हणाला. "हे वळण पहिल्यापासून असंच. तुझ्या वेळी दर फेब्रुवारीत टाकावी लागायची."

"माझ्या वेळी रस्त्यांच्या काउन्सिलचे लोक टाकायचे."

"काउन्सिल!" त्याने बूट बाहेर काढला आणि गवताला पुसला. "खाजगी पाणंदीत काउन्सिल कशाला येतंय? नदीवरून मी आणायचो. ढकलगाडीतून."

एकोणीस फेब्रुवाऱ्या. मी त्या वळणावरून पत्रांची टोपली घेऊन एकदाही पडले नव्हते, आणि एकदाही त्याचं कारण विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी काउन्सिलचं कौतुक केलं, तेसुद्धा सबीनाच्या स्वयंपाकघरात, त्याच्या समोर बसून.

"सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, आणि नदीकडे बघत मनाशी अंतर मोजू लागला. "ढकलगाडी आता नाही जमायची. टॉमीचा ट्रॅक्टर घेऊ. पुढचे कधी येतायत?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही, मुरिनला विचारते आणि मंगळवारी येऊन सांगते. तेवढं हळू चाल, माझा सांधा दुखतोय.